बोन्सायचं खाणंपिणं

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, मुंबईत राणीच्या बागेत महापालिकेचं भरतं. दोन्हीकडे बोन्सायच्या टेबलांपाशी थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हटकून कानावर येतं : ‘‘बिचाऱ्याला उपाशी ठेवून ठेवून एवढंसं केलंय हो!’’ बोलणाऱ्याचा कळवळा खरा असतो, माहिती मात्र उलटी. बोन्साय लहान राहतं ते शेंडे खुडल्यामुळे, फांद्या छाटल्यामुळे आणि ठरावीक काळाने मुळं कापून पुन्हा तेवढ्याच ट्रेमध्ये बसवल्यामुळे. उपाशी झाडाला नवी फूट येत नाही, आणि फूटच नसेल तर खुडायचं काय, वळवायचं काय? कापलेली जागा भरून यायलाही अंगात साठा लागतो. म्हणून चांगलं बोन्साय हे अंगणातल्या बहुतेक झाडांपेक्षा जास्त नियमाने खाणारं-पिणारं झाड असतं.

मग पाणी किती आणि खत कोणतं? इथे मात्र जाणकारांचं एकमत संपतं. एक सांगतो रोज पाणी घाला, दुसरा सांगतो वरची माती सुकल्याशिवाय झारीला हात लावू नका. कोणी पेंडीशिवाय काही वापरत नाही, कोणी दर आठवड्याला विद्राव्य खत देतो. जपानी पुस्तकात एक, युरोपातल्या कार्यशाळेत दुसरं आणि नर्सरीतल्या माळीबुवांचं तिसरंच. गंमत अशी की हे सगळे आपापल्या जागी बहुधा बरोबर असतात. घोळ होतो तो एकाचं वेळापत्रक दुसऱ्याच्या मातीला लावताना. पाणी, खत आणि ट्रेमधलं मिश्रण हे तीन वेगळे विषय नाहीतच. मिश्रण बदललं की बाकीची दोन्ही उत्तरं बदलतात. या लेखात जो आढावा घेतला आहे, तो हे गृहीत धरूनच.

जपानमध्ये ‘पाणी घालायला शिकायला तीन वर्षं’ अशी म्हणच आहे. तिथल्या बागांत उमेदवारी करणाऱ्याच्या हातात झारी आधी येते, कात्री पुष्कळ नंतर. १९२३ च्या सप्टेंबरात कांतो भागातल्या भूकंपाने आणि आगींनी तोक्यो उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथल्या काही बोन्साय उत्पादकांनी शहर सोडायचं ठरवलं. त्यांनी उत्तरेला ओमियाजवळ जागा शोधली आणि १९२५ मध्ये तिथे बोन्सायचं गावच वसवलं. जागा पसंत करताना त्यांनी पाहिलं ते झाडांना मानवणारी माती, चांगलं पाणी आणि मोकळी हवा. आज त्या गावाशेजारी बोन्सायचं स्वतंत्र संग्रहालय आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात यामाकी कुटुंबाने दिलेला एक पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो बोन्साय म्हणून वाढवला गेला, ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमातल्या त्यांच्या घराच्या आवारात तो बॉम्बमधून वाचला आणि १९७६ मध्ये जपानच्या भेटींबरोबर अमेरिकेत गेला. त्याची गोष्ट नेहमी बॉम्बमुळे सांगितली जाते. मला त्यात दुसरंच काही जास्त थोर वाटतं : सुमारे चारशे वर्षांत असा एकही उन्हाळा गेला नाही की त्या झाडाला पाणी घालायला कोणी हजर नव्हतं.

आता ट्रेच्या आत काय चालतं ते पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे.

तहानेने मेलेलं बोन्साय लगेच ओळखू येतं. पानं एका दिवसात कुरकुरीत होतात आणि मालकाला अपराधी वाटतं. पण पुष्कळ झाडं तहानेने नव्हे, गुदमरून जातात, आणि ती महिनोन्महिने मरत असतात. मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो, आणि प्राणवायू पाण्यातून सरकतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश. मातीतल्या साऱ्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांची टोकं काळी पडतात, बुरशी शिरते, मुळकुज सुरू होते. आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वरची पानं मलूल दिसतात, अगदी तहानल्यासारखी. मालक घाबरून आणखी पाणी घालतो. बोन्साय दगावण्याचा हा राजमार्ग म्हणायला हरकत नाही.

शेतकरी पेरणीआधी वाफसा येण्याची वाट पाहतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा यांचा मेळ बसण्याची. बोन्सायला कायम हवा असतो तो हाच वाफसा. शेतात जादा पाणी खोल निघून जातं. ट्रेला ती खोली नाही. कुठल्याही भांड्यातलं पाणी निथळून थांबलं तरी तळाशी एक थर पूर्ण भिजलेला उरतोच. केशाकर्षणाने धरलेलं ते पाणी वजनाने खाली पडत नाही. या थराची उंची मातीच्या कणांवर ठरते, भांड्याच्या खोलीवर नाही. समजा एखाद्या बारीक मातीत तो थर चार सेंटिमीटरचा आहे. पंचवीस सेंटिमीटर खोल कुंडीत वरची एकवीस सेंटिमीटर माती मोकळी राहील. तीच माती पाच सेंटिमीटरच्या बोन्साय ट्रेमध्ये भरली तर जवळजवळ सगळा ट्रे चिखल. कुंडीत ज्या मातीत उंबर सुखाने वाढत होता, त्याच मातीत ट्रेमध्ये तो का कुथतो, याचं उत्तर एवढंच आहे.

हे स्वतः पाहायचं असेल तर भांडी घासायचा नवा स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण बुडवा आणि हाताच्या तळव्यावर आडवा धरा. टपटप थांबेपर्यंत थांबा. थांबली की न पिळता, नुसता अलगद उभा करा. पुन्हा धार लागते. पाणी तेवढंच, स्पंज तोच. उंची वाढली म्हणून पाणी सुटलं. जाणकार पावसाळ्यात ट्रेच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा सरकवून ट्रे तिरका ठेवतात, त्यामागे हेच आहे. पैसे न लागणारा इतका गुणकारी उपाय या छंदात दुसरा नसेल.

आणि याच कारणाने तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर देण्याची आपली जुनी सवय ट्रेमध्ये उपयोगाची नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. भिजलेला थर खडीच्या वर सरकतो, एवढंच होतं. भोकावर जाळी लावावी आणि तळापासून वरपर्यंत एकच मिश्रण भरावं.

मिश्रण कोणतं? जपानी लोक आकादामा वापरतात. कांतो भागात मिळणारी, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली ही दाणेदार माती पाणीही धरते आणि दाण्यांमधून हवाही खेळू देते. आपल्याकडे ती आयात होते, महाग पडते, आणि वड-पिंपळासाठी तिची गरजही नाही. भाजक्या विटांचे तुकडे, प्युमिस, जाड धुतलेली वाळू, लोणारी कोळशाचे बारीक तुकडे, सोबत थोडं कुजलेलं शेणखत किंवा धुतलेलं कोकोपीट, एवढ्यात काम भागतं. दाणा ज्वारीपासून हरभऱ्यापर्यंत असावा. मुख्य काम चाळणीचं. रव्याच्या चाळणीतून जे खाली पडेल ते सगळं फेकायचं, कारण पोकळ्या बुजवते ती ही भुकटीच. वीट कच्ची असेल तर वर्षभरात तिचाच चिखल होतो, म्हणून वापरण्याआधी चार तुकडे रात्रभर पाण्यात ठेवून बोटांनी चुरून पाहावेत. कोकोपीट क्षार जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावं. नर्सरीतून आणलेलं झाड काळ्या किंवा लाल चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असेल, तर त्याचं पाणी आणि खत यांवर डोकं खाजवण्याआधी योग्य हंगामात माती बदलावी. पुढचं सगळं त्यानंतरचं.

आता झारी. ‘रोज सकाळी एक पेला’ हा हिशोब सोडून द्यावा. पाणी घालायचं तेव्हा भरपूर, तळाच्या भोकांतून खळखळून वाहीपर्यंत. थोडं थोडं घातलं की वरचा थर ओला, आतला गड्डा कोरडा, आणि क्षार साचतात ते वेगळेच. झारीला बारीक छिद्रांची फुली हवी. आधी एक हलका हात फिरवायचा. सुकलेली माती पहिलं पाणी झटकून टाकते, ते कडेने निसटून जातं. पाच मिनिटांनी दुसरा हात, तेव्हा ते आत शिरतं. एखादा ट्रे राहून गेला आणि पार कोरडा पडला, तर घमेल्यात पाणी घेऊन तो मातीच्या काठापर्यंत बुडवावा. मातीतून बुडबुड्यांच्या बारीक साखळ्या वर येऊ लागतात, आधी झपाट्याने, मग तुरळक. शेवटचा बुडबुडा थांबला की बाहेर काढून तिरका निथळत ठेवायचा. रोज असं बुडवू मात्र नये, वरून घातलेलं पाणी जुनी हवा आणि क्षार खाली ढकलतं, ते काम बुडवण्याने होत नाही.

केव्हा घालायचं हे सांगायला बोट पुरेसं आहे, पण बोट वरच्या सेंटिमीटरपुरतं. त्याहून बरी बांबूची अगरबत्तीएवढी काडी : मातीत खोल रोवून ठेवावी, पाच मिनिटांनी काढून पाहावी, ओल कुठवर चढली ते कळतं. सरावलेली माणसं ट्रे उचलून वजनावरून सांगतात. मातीवर शेवाळाची गादी लावली असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. ती वरून हिरवीगार असते आणि खालची माती केव्हाच सुकलेली असते.

झाडागणिक फरक आहेच. वड, पिंपळ, उंबर, पिंपरी ही मंडळी पाण्याची शौकीन, पण सोशिकही. जुन्या वाड्याच्या भिंतीत, किल्ल्याच्या बुरुजात पिंपळ उगवतो तो चुन्याच्या भेगेत, जिथे पाणी येतं आणि लगेच निघून जातं. त्याच्या मुळांना हवा किती लागते हे तिथे दिसतं. जेड, म्हणजे आफ्रिकेतलं पोर्तुलाकारिया, पानांतच पाणी साठवतं. पानं किंचित सुरकुतली की मग पाणी. अॅडेनियमला थंडीत पानगळ झाली की जवळजवळ कोरडंच ठेवावं. ज्युनिपर तहानेची बातमी फार उशिरा देतो, पानं करडी पडेपर्यंत फांदी आतून गेलेली असते, म्हणून त्याच्या बाबतीत काडीच बरी. चिंच संध्याकाळी पानं मिटते, त्यावरून काही अनुमान काढू नये. बोगनवेल आणि चायनीज ऑरेंज यांना फुलोऱ्यासाठी ताण देतात, नागपूरकडे संत्र्याच्या बागेत बहार धरताना देतात तसाच. पण बागेतला ताण आठवड्यांचा असतो. ट्रेमध्ये दोन दिवस पुरतात, आणि मे महिन्यात तेवढेही नकोत.

भर दुपारी पाणी घातलं की पानांवरचे थेंब भिंगासारखं काम करून पानं जाळतात, ही समजूत बागकामाच्या पुस्तकांत पिढ्यान् पिढ्या छापली गेली. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये ती तपासली. साध्या गुळगुळीत पानांवरचे थेंब पान जाळत नाहीत असं त्यांना आढळलं. केसाळ पानांवर, जिथे थेंब पानापासून उचललेला राहतो, तिथेच तशी शक्यता दिसली. म्हणजे दुपारी झाड माना टाकून उभं असेल तर संध्याकाळची वाट पाहू नये. जपायचं ते वेगळ्याच गोष्टीला : गच्चीवर उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका देण्याइतकं तापलेलं असतं. ते आधी बादलीत काढावं. सोलापूर, अकोला, नागपूरकडे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पाणी लागतंच, आणि दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी. उथळ मातीचा ट्रे सिमेंटवर थेट ठेवला तर मुळं अक्षरशः शिजतात. लाकडी पाट किंवा विटांवर उचलून ठेवला तरी फरक पडतो.

पाण्याची जात हा आपल्याकडे फार दुर्लक्षित विषय. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा इथून येणारं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी हे धरणांत साठलेलं पावसाचं पाणी. ते मऊ असतं आणि बोन्सायला चांगलं मानवतं. त्यातल्या क्लोरीनची भीती अवाजवी आहे, नळाला येतं तेवढ्याने झाडाचं काही बिघडत नाही. खरी अडचण बोअरच्या पाण्याची. दख्खनच्या बेसॉल्टमधून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पुष्कळ ठिकाणी जास्त असतात. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर जमत असेल तर तुमचं पाणी जड आहे, दुसरी परीक्षा नको. असं पाणी वर्षभर घातलं की मिश्रणाचा सामू (पीएच) वर सरकतो, लोह असूनही मुळांना घेता येत नाही, आणि कोवळी पानं पिवळी पडून त्यांतल्या शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. लोक याला भूक समजून खत वाढवतात. इथे चिलेटेड लोह लागतं, आणि तेही नीट बघून घ्यावं : ईडीटीए प्रकारचं लोह चढ्या सामूला टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं टिकतं. त्याहून सोपं म्हणजे पावसाळ्यात एक पिंप पागोळ्यांचं पाणी भरून, झाकून ठेवणं आणि महिन्यातून दोनदा त्याने माती धुऊन काढणं. एसीचं ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं, ते चालतं. आरओ यंत्राचं बाहेर टाकलेलं पाणी नको, क्षार त्यातच एकवटलेले असतात. मीठ घालून पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं तर मुळीच नको.

आता खत. इथे दोन घराणी आहेत म्हटलं तरी चालेल.

पहिलं पेंडीचं. जपानमध्ये मोहरीच्या जातीतल्या तेलबियांची पेंड, कधी हाडांचा किंवा माशांचा चुरा घालून, तिचे गोळे करतात आणि छोट्या जाळीदार टोपल्यांत मातीवर मांडून ठेवतात. पाणी घालताना ते थोडं थोडं झिरपतं. आपल्याकडे तेलघाणीजवळ मोहरी, भुईमूग, करंज, निंबोळी सगळ्या पेंडी मिळतात. भुईमुगाच्या पेंडीत सुमारे सात टक्के नत्र असतं, मोहरी आणि निंबोळीच्या पेंडीत पाच टक्क्यांच्या आसपास. पण पेंडीतलं नत्र झाडाला लगेच मिळत नाही, जिवाणूंनी ते आधी फोडावं लागतं. त्यासाठी ऊब आणि ओल दोन्ही हवीत. एप्रिल-मेमध्ये मातीचा वरचा थर दोन तासांत सुकतो आणि पेंड नुसती पडून राहते. जुलैत तीच पेंड चार दिवसांत फुगते, बुरशी धरते, माश्या येतात, आणि शेजारीण दार वाजवते. फेब्रुवारी-मार्च आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर हे पेंडीचे खरे महिने. भिजवून देणारे साधारण शंभर ग्रॅम मोहरीची पेंड लिटरभर पाण्यात पाच-सात दिवस ठेवतात, वरचं पाणी गाळून निदान दहापट पातळ करतात. गाळलं नाही तर गाळ पोकळ्यांत बसतो आणि चाळणीची सगळी मेहनत वाया जाते.

दुसरं घराणं विद्राव्य खतांचं. युरोपात वॉल्टर पॉल या नामांकित बोन्सायकाराने याची जोरदार बाजू मांडली आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : दाणेदार, भरपूर निचऱ्याच्या मिश्रणात तुम्ही रोज पाण्याने सगळं धुऊन टाकता, मग जुन्या मातीसाठी लिहिलेल्या चिमूटभर मात्रांवर झाड कसं जगेल? साधं, स्वस्त, कुठलंही खत घ्या, पण जुन्या पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त आणि वारंवार द्या. परंपरेला मानणाऱ्यांना हे रुचलं नाही, पण तर्क पक्का आहे. अट एकच, तीही त्यानेच घातलेली : मिश्रण तसं हवं. काळ्या मातीतल्या झाडावर हा प्रयोग केला तर क्षारांनी पानांच्या कडा आठवड्यात करपतील.

महाराष्ट्रात कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ हे विद्राव्य खत सहज मिळतं, द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या कृपेने. एक लिटरमध्ये एक ग्रॅम घातलं की लिटरमागे १९० मिलिग्रॅम नत्र होतं. कुंडीतल्या वाढत्या झाडांना सततच्या पाण्यातून ५० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे एक ग्रॅम ही वरची मर्यादा समजावी. अर्धा ग्रॅम, वाढीच्या काळात दर आठवड्याला, ही माझ्या मते बहुतेक घरांसाठी बरी मात्रा. आधी साधं पाणी, मग आळवणी. कोरड्या मुळांवर खताचं पाणी कधीही नाही. पुड्यावर शेतीसाठी लिटरमागे पाच ग्रॅम लिहिलेलं असतं, ते फवारणीचं आणि शेताचं आहे, पाच सेंटिमीटरच्या ट्रेचं नाही.

स्फुरदाबद्दल मात्र जरा थांबावं. ‘नत्र पानांना, स्फुरद मुळांना, पालाश फुलांना’ हे शाळेपासून पाठ झालेलं सूत्र अर्धंच खरं आहे. झाडं नत्र, स्फुरद आणि पालाश साधारण ३:१:२ अशा प्रमाणात घेतात. म्हणजे १९:१९:१९ मध्येच स्फुरद गरजेपेक्षा जास्त आहे. वर फुलांसाठी ०:५२:३४ आणि मुळांसाठी हाडांचा चुरा घालणं म्हणजे भरल्या पोटी आग्रह. जादा स्फुरद लोह आणि जस्ताच्या वाटेत आडवं येतं, मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशांनाही मागे रेटतं. आणि जड पाण्यामुळे सामू सातच्या वर गेलेल्या मातीत हाडांचा चुरा जवळपास विरघळतच नाही. पुनर्लागवडीनंतर बी-१ जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची एक टूम आहे. अख्ख्या झाडावर त्याचा उपयोग चाचण्यांत दिसलेला नाही.

स्वयंपाकघरातल्या खतांवर आपला फार जीव. तांदूळ धुतलेलं पाणी, चहाचा चोथा, केळीची सालं, अंड्याची टरफलं. मोठ्या कुंडीत यांतलं काहीही घाला, बिघडत नाही. ट्रेमध्ये तांदळाच्या पाण्यातला स्टार्च बुरशीला आणि चिलटांना बोलावतो, दूधसाखरेचा चोथा मुंग्यांना, आणि टरफलं सामू आणखी वर नेतात. हे सगळं कंपोस्टच्या डब्यात टाकावं. जीवामृताचंही तसंच. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी ते प्रसिद्ध केलं ते शेतजमिनीतले जिवाणू जागवण्यासाठी. विटांच्या तुकड्यांत जागवायला फारसं काही नसतं, आणि शेण-बेसनाच्या गाळाने पोकळ्या बुजतात. गाळून, पातळ करून अधूनमधून द्यायला हरकत नाही. तेवढ्यावर झाड पोसलं जाईल ही अपेक्षा मात्र नको.

खताचं जपानी शास्त्र खरं कुठे दिसत असेल तर ते वेळेत. काळ्या पाइनला तिथे वसंतात पोटभर खत घालतात, उन्हाळ्याच्या तोंडाला नवे शेंडे छाटायच्या सुमारास ते मातीवरून काढून घेतात, म्हणजे दुसरी फूट आखूड, बारीक सुयांची येते. शरदात पुन्हा सुरू. तयार झालेल्या मेपलला पहिली पानं निबर होईपर्यंत खतच देत नाहीत, नाहीतर पेरं लांब पडतात. म्हणजे खोड जाड करायचं असलेल्या पोरसवदा झाडाला भरपूर, आणि आकार बसलेल्या झाडाला हात राखून. हे तत्त्व आपल्या वडालाही लागू आहे. फक्त महिने आपले. आपल्या वड-पिंपळासारख्या फायकसचा वाढीचा हंगाम जपानी मेपलपेक्षा पुष्कळ लांब, पुण्यात थंडीचे दोन महिने सोडले तर जवळजवळ वर्षभर. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातले खताचे दिवस संततधारेत धुऊन जातात. तिथे उघडीप मिळेल तेव्हा हलकी मात्रा द्यावी, आणि श्रावण सरला की फिकट पडलेल्या झाडांना नेमाने खाऊ घालावं. जेड आणि अॅडेनियम पावसाळाभर पत्र्याखाली.

पान वाचता आलं की निम्मं काम सोपं होतं. खालची, जुनी पानं सर्वांगाने पिवळी पडत असतील तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह, म्हणजेच बहुधा पाणी जड. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. कडा तपकिरी, करपलेल्या आणि ट्रेच्या काठावर पांढरी पूड, तर क्षार साचलेत. खत बंद, आणि भरपूर साध्या पाण्याने दोन-तीनदा धुणं. सगळीच पानं निस्तेज, मलूल आणि माती ओली, तर कुठलंही खत नको, ट्रे तिरका करून सावलीत ठेवावा आणि वाट पाहावी. आजारी झाडाला टॉनिक म्हणून खत देणं ही आपली सर्वांत महाग पडणारी माया आहे. नुकती मुळं कापलेल्या झाडालाही नवी पालवी दिसेपर्यंत, साधारण महिनाभर, उपासच बरा.

गावाला जाताना काय, हा शेवटचा नेहमीचा प्रश्न. ठिबकच्या नळ्या आणि टायमर चालतो, पण निघण्याआधी आठवडाभर लावून पाहावा. ट्रेखाली पाण्याची ताटली ठेवून जाऊ नये. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे एखाद्या बोन्सायवाल्याशी आळीपाळीचा करार. शेजाऱ्याला सांगितलं तर तो प्रेमाने दिवसातून तीनदा घालतो.

या सगळ्यात एक उणीव जाणवते. बोन्सायचं उपलब्ध लिखाण बहुतांश थंड हवेच्या देशांतलं आहे; पाइन, मेपल, आकादामा आणि बर्फ यांच्याभोवती फिरणारं. वड, चिंच, करवंद, शमी, वीटचुरा, बोअरचं पाणी आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यावर लेखी अनुभव फार थोडा आहे, जो आहे तो ज्येष्ठ छांदिष्टांच्या डोक्यात आहे. म्हणून मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरच्या बोन्सायप्रेमींना आणि त्यांच्या मंडळांना एक विनंती. प्रत्येक ट्रेसाठी एका वहीत पाच रकाने आखा : मिश्रण, पाण्याचा स्रोत, पाणी दिल्याच्या वेळा, खताचं नाव व मात्रा, आणि नव्या फुटीची तारीख. दोन पावसाळ्यांच्या अशा नोंदी एकत्र करून मराठीत छापा. नव्याने शिकणाऱ्याला त्याचा उपयोग कुठल्याही आयात केलेल्या पुस्तकापेक्षा जास्त होईल.